दोन्ही पदरांतली पिन

डेव्हेंटर, २ मार्च २०१४

ऊना,

नावाआधी काय लिहावं या विचारात एक कागद फुकट गेला, म्हणून नुसतं नाव लिहितो आहे. साडेतीन वर्षं आपण सख्ख्या भावाबहिणींनी एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. मायन्यावरून तू आणखी चिडशील अशी मला आता भीती नाही.

या आठवड्यात तुझ्याकडे एक पार्सल येईल. त्यात बाबांचा किल्ट आहे. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी फाटला तो मी तसाच घडी करून कपाटात ठेवला होता. इथे पडदे शिवणारी एक बाई आहे, तिला दाखवला. तिने तो उलटा धरून विचारलं, या पुरुषी घागऱ्याची पुढची बाजू कुठली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि घरी आलो. एकोणीस वर्षांची असताना आईच्या नजरेखाली तू तो शिवलास, तेव्हा दुरुस्तही तूच करू शकतेस.

फेन्नाचं लग्न ठरलं आहे, चौदा जूनला. मुलाचं नाव येल्ले. शाळेत भूगोल शिकवतो, ताडमाड उंच आहे आणि माझ्या विनोदांना हसतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. घरापासून नगरभवनापर्यंत फेन्ना माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून जाणार आणि मी आजोबांचा किल्ट घालून सायकल चालवणार, असं तिने ठरवलं आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. तू आता कपाळावर हात मारला असशील. पण आमच्याकडे यात विशेष काही नाही. नवरी सायकलवर, वऱ्हाड सायकलवर, आणि लग्न लावणाऱ्या बाईसुद्धा सायकलवरच येणार, पाऊस असला तर एका हातात छत्री धरून.

त्या दिवसाबद्दल पुन्हा उगाळत बसत नाही. रेल्वे चाळीस मिनिटं उशिरा आली, टॅक्सी मिळाली नाही, स्टेशनजवळच्या ह्यूईच्या दुकानातून सायकल घेतली, नऊ मैल दामटली आणि वाटेत किल्ट साखळीत अडकला. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. सगळं गाव चर्चच्या दारात वीस मिनिटं ताटकळलं हे मान्य. पण तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "बाबांना पोहोचवायला आलास की शर्यतीला?" आणि मी म्हणालो, "आमच्याकडे मयताला सायकलवरच जातात." हे खोटं नाही. मागच्याच महिन्यात समोरच्या घरातले आजोबा गेले, तेव्हा दफनभूमीच्या कुंपणाला चाळीस सायकली टेकवलेल्या होत्या. तरी ते "आमच्याकडे" मी म्हणायला नको होतं. बाबांच्या पेटीसमोर उभं राहून माणसाने परक्या मुलखाला आमच्याकडे म्हणू नये, हे मला परतताना विमानात कळलं.

वाटलं तर शीव. निमंत्रण वेगळं येईल, ते फेन्ना पाठवते आहे, मी नाही. आत्या येणार का, असं ती रोज विचारते. मी म्हणतो, मला काय माहीत.

रॅनल्ड

डेव्हेंटर, ३० मार्च

ऊना,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला किलफेरनचा पूल आणि दुसऱ्या बाजूला एकच शब्द: "कंबर?" साडेतीन वर्षांनी बहिणीने तोंड उघडलं आणि हे विचारलं. तिनेके इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी मात्र ते कार्ड स्वयंपाकघरात टांगून ठेवलं आहे.

छत्तीस इंच.

तिनेकेने वरची ओळ वाचली. बायकोला पत्रं वाचू देण्याचे हे तोटे. एकोणचाळीस.

सराव चालू आहे. माझा तो दुसरा, स्वस्तातला किल्ट घालून रोज संध्याकाळी जेवणाआधी नदीकाठच्या बांधावर जातो. सायकल तिनेकेची, बायकांची, मधला दांडा नसलेली. किलफेरनमध्ये मी असल्या सायकलवर दिसलो असतो तर माझ्या नातवंडांनासुद्धा त्यावरून चिडवलं असतं. मुळात आपल्याकडे मोठा माणूस सायकलवर दिसला तर तो एकतर तंग कपडे आणि टोपडं घातलेला पाहुणा असतो, नाहीतर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल परवाना गमावलेला कोणी. इथे लोक सायकलवर बसतात ते चपला घालाव्यात तसे. न्यायाधीश बसतो, सुईण बसते. कालच एक जण शिडी खांद्याला अडकवून गेला.

किल्ट घालून कसं चालवतोस असं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. दांडा नसला की पाय उचलून टाकावा लागत नाही, त्यामुळे अब्रू शाबूत राहते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कापडी झापड असते, कोट आत जाऊ नये म्हणून. निऱ्या तिच्यावर छान पसरतात. साखळीवर डबा असतो. (ह्यूईच्या सायकलला यातलं काहीच नव्हतं.) किल्टवर पुढे बांधतात तो कातडी बटवा मांड्यांवर वजनासारखा बसतो. बाकी सगळं वाऱ्याच्या हातात. पुलावर तो फार माजतो, म्हणून मी पिन पुढच्या, एकावर एक येणाऱ्या दोन्ही पदरांतून लावतो. ओरडू नकोस. पिन फक्त वरच्या पदराला लावायची असते हे किल्ट शिवणारीच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण आई कधी आयसेल नदीच्या पुलावरून सायकलने गेली नव्हती.

गंमत म्हणजे कोणी बघतसुद्धा नाही. आपल्याकडे किल्ट घालून परगावी गेलं की दर दुसरा माणूस विचारतो, आत काय घातलंय. इथे परवा एका म्हातारीने सायकल माझ्या बरोबरीने आणली, मला वाटलं आता विचारणार. ती म्हणाली, मघाशी डावीकडे वळताना तुम्ही हात दाखवला नाहीत. मी माफी मागितली. किल्टबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

मागे बसण्यावरून मात्र आमची रोज भांडणं होतात. आपण लहानपणी मागे बसायचो ते आधी बसायचो आणि मग सायकल निघायची. वयाच्या बाराव्या वर्षानंतर तर कोणी बसतच नाही, पोलीस उतरवतो. इथे चालवणारा पुढे निघून जातो आणि मागचा चार पावलं धावून कडेने उडी मारून बसतो. आजीबाईसुद्धा बसतात. मला ते जमेना. मी आपला पाय टेकून थांबायचो, फेन्ना बसायची आणि दोघंही गवतात. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तू थांबतोस म्हणून तोल जातो. तू निघ, मी येते." निघालो. पाठीमागे पावलं ऐकू आली, मग सायकल जराशी दबली आणि ती बसलेली होती. मला तेव्हा रडू आलं, वाऱ्यामुळे ते खपून गेलं.

आणखी काही विचारायचं असेल तर विचार. पोस्टात मोठी कार्डंही मिळतात.

रॅनल्ड

डेव्हेंटर, १७ एप्रिल

ऊना,

दुसरं कार्ड मिळालं. तू लिहितेस: "साखळीत अडकला असता तर मागच्या निऱ्या फाटल्या असत्या. हा पुढून फाटला आहे, दोन्ही पदर, पिनेच्या भोकापासून खाली. तेल कुठेच नाही. धाग्यांत गंज आहे."

तू शिंपीण आहेस की पोलीस? इतक्या वर्षांपूर्वी कुठे काय अडकलं ते कोण लक्षात ठेवतं? गंज सायकलचा असेल, ह्यूईच्या सायकली काही नव्या नव्हत्या. तुला शिवायचा नसेल तर तसं सांग, उलटतपासणी कशाला?

रॅनल्ड

डेव्हेंटर, २० एप्रिल, ईस्टरचा रविवार

ऊना,

गुरुवारचं पत्र फाडून टाक. हे येण्याआधी ते तुला मिळालेलं असेलच, पण तरी फाड.

रेल्वे वेळेवर आली होती. दहा वाजून पाच मिनिटांनी. बाहेर टॅक्सी उभी होती, ड्रायव्हरने माझी बॅग उचललीसुद्धा. मी ती त्याच्या हातातून परत घेतली आणि ह्यूईकडे जाऊन सायकल मागितली. टॅक्सीने मी वीस मिनिटांत पोचलो असतो. इथे माणूस कुठेतरी पोचायला सायकल घेतो. मी त्या दिवशी न पोचायला घेतली.

तू त्या उन्हाळ्यात मला तीन पत्रं लिहिलीस. बाबा खंगत चालले आहेत, येऊन जा. तिन्ही वेळा मी कामाचं कारण सांगितलं. काम नव्हतं. तिनेके म्हणत होती जा, फेन्ना म्हणत होती मीपण येते, आणि मी तिकिटाचं उद्यावर ढकलत राहिलो. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून डोंगर चढवला त्याला उशीवर मान टाकलेला मला बघायचं नव्हतं. याला दुसरं नाव नाही, मी भित्रा आहे. तू रोज सकाळी त्यांचं अंग पुसत होतीस आणि मी इथे भिऊन बसलो होतो. मग ते गेले आणि भीती वाढलीच, कारण आता तुझ्या समोर यायचं होतं.

वारा समोरून होता. चढावर किल्ट सारखा उडायला लागला, म्हणून मी थांबून पिन दोन्ही पदरांतून लावली, इथल्या सवयीने. तरी हळूहळूच जात होतो. बाबांना घेऊन तुमची गाडी, ते शेवटी होते त्या हॉस्पिटलच्या गावाहून, त्याच रस्त्याने येणार हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. चर्च दोन मैलांवर राहिलं असताना मागे आवाज आला. वळून बघितलं तर खालच्या वळणावर काळी गाडी, आणि तिच्या मागे आणखी एक.

मी सायकल दगडी भिंतीला टेकवली आणि भिंत ओलांडून पलीकडे गेलो. भिंतीवर काटेरी तार होती. तारेत खालचा पदर अडकला आणि पिन दोन्ही पदरांतून होती म्हणून दोन्ही फाटले. पिन नीट लावलेली असती तर नुसत्या ओरखड्यावर भागलं असतं. मग मी शेतात पालथा पडून राहिलो, ऊना. सत्तावन्न वर्षांचा माणूस, बापाची पेटी रस्त्याने जात असताना. मेंढ्या बघत होत्या. गाड्या हळू चालल्या होत्या, त्यामुळे बराच वेळ आवाज येत राहिला.

उठलो ते एकाच गोष्टीसाठी. पेटी खाली सोडताना डोक्याकडची पहिली दोरी थोरल्या मुलाच्या हातात असते, आणि माझ्या खिशात तू पाठवलेलं कार्ड होतं, त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं: दोरी क्रमांक एक, रॅनल्ड. ते नसतं तर मी तसाच स्टेशनवर परत गेलो असतो. दारात तुला बघितलं आणि तोंडातून रेल्वेचं निघालं. फाटलेल्या किल्टकडे तुझी नजर गेली म्हणून साखळीचं निघालं. एकदा सांगितलं की मग तेच सांगत राहावं लागलं.

किल्ट शिवू नकोस. फेन्नाला काय सांगायचं ते मी बघेन, ती आजोबांच्या किल्टशिवायही मागे बसेल. किल्ट हे निमित्त होतं. मला तू लग्नाला हवी होतीस, तेवढंच लिहायला मला दोन महिने आणि चार पत्रं लागली. हे सगळं वाचून तू येणार नाहीस हे मला कळतं, आणि त्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला आता राहवत नाही.

रॅनल्ड

किलफेरन, ६ मे

रॅनल्ड,

किल्ट शिवून झाला. कंबर चाळीस धरली आहे. निऱ्यांच्या आत आईने मला दोन इंच कापड राखून ठेवायला लावलं होतं, ते सोडवून पुढच्या पदरांना लावलं. कोणाला दिसणार नाही, मला दिसेल.

मला पत्रं लिहायची सवय नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

तू लपलास, सायकल लपवली नाहीस. ह्यूई त्याच्या सगळ्या सायकली पिवळ्या रंगवतो. ऑक्टोबर महिन्यात त्या रस्त्यावर पिवळी सायकल भिंतीला टेकवलेली, आणि माणूस कुठे नाही. कोणाची असणार? मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्याने विचारलं, थांबायचं का, कोणाला काही झालं असेल. मी म्हटलं, चला. थांबलो असतो तर मागच्या गाडीतले सगळे उतरले असते आणि सगळ्यांनी तुला तसं बघितलं असतं. ते मला नको होतं. काटेरी तारेचं मला माहीत नव्हतं. ते किल्टने सांगितलं.

चर्चच्या दारात पाद्री म्हणाले, वेळ होते आहे, पहिली दोरी तुमच्या चुलतभावाला देऊ या. मी म्हटलं, तो येतो आहे. दहा मिनिटांनी ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच म्हटलं. लोक घड्याळं बघत होते, मॅगी काकी तर मोठ्याने बोलत होत्या. तू दोन मैलांवर पडला आहेस हे त्या दारात फक्त मला माहीत होतं. उठशील की परत जाशील हे मलाही माहीत नव्हतं. गाव काही आपण होऊन ताटकळलं नाही, मी थांबवलं. तुझ्याशिवाय मी बाबांना खाली सोडू देणार नव्हते, संध्याकाळ झाली असती तरी.

मग तू चढावरून दिसलास. मी तुझ्या गळ्यात पडणार होते. उन्हाळ्यातली तीन पत्रं, तुझी तीन कारणं, सगळं मी त्या वीस मिनिटांत गिळलं होतं. तू भित्रा आहेस हे मला तू चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे, त्यासाठी कागद कशाला खर्च करतोस? पण तू आलास आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, रेल्वे उशिरा आली. मी तुझ्यासाठी सगळं गाव धरून ठेवलं आणि तू मला त्या गावातलीच एक केलंस. शर्यतीचं मी त्यावर बोलले. तुझ्या सायकलशी माझं कधीच भांडण नव्हतं. त्या "आमच्याकडे"शीही नव्हतं, तुझं घर तिथे आहे, मला कळतं.

माझीही चूक आहे. मला खरं माहीत होतं आणि मी साडेतीन वर्षं तू सांगशील म्हणून बसून राहिले. मी एक शब्द बोलले असते तर हे त्याच दिवशी मिटलं असतं. तुझं ईस्टरचं पत्र आलं तेव्हा मी ते मशीनवर ठेवलं आणि त्या दिवशी काही शिवलं नाही.

फेन्नाला सांग, आत्या येते आहे. बुधवारी, अकरा जूनला, दुपारी दोन चाळीसला तुमच्या स्टेशनवर. किल्ट पोस्टाने पाठवत नाही, हातात आणते. घ्यायला सायकल घेऊन येऊ नकोस असं लिहिणार होते, पण तू तीच घेऊन येशील. ये. उशीर झाला तर मी फलाटावर थांबेन, कितीही वेळ. फक्त आलास की खरं कारण सांग.

ऊना